सोमकुंभाची थंडी

"उकळतंय! चूल नाही, विस्तव नाही, तरी उकळतंय!"

"आणि हात लावून बघा की. थंडगार!"

इंगोलश्टाटमधल्या एका चारमजली इमारतीच्या तळघरात, म्हणजे इथल्या भाषेत केलरमध्ये, रविवारी सकाळी पंचवीसेक मराठी माणसं दाटीवाटीने उभी होती. बूट-चपला जिन्यात काढलेल्या. सायकली आणि जुन्या गाद्या भिंतीला सरकवलेल्या. उदबत्त्यांचा धूर एवढा, की इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर खाली आला असता तर त्याने सरळ बंब बोलावला असता. मधोमध चौरंग. चौरंगावर तांब्याचं मोठं घंगाळ, पाण्याने भरलेलं, वर गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाकळ्यांचा जाड थर. घंगाळात काचेची भलीमोठी बरणी. बरणीला भगवी ओली शाल गुंडाळलेली, फक्त समोर वीतभर काच उघडी. वर कपडे वाळत घालायच्या स्टँडला अभिषेकपात्र टांगलेलं, आणि त्यातून थेंब थेंब पाणी शालीवर पडतंय. बाजूला एक टेबलफॅन, 'भक्तांच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून'.

काचेच्या आत गढूळ सोनेरी द्रव खदखदत होता. तळातून बुडबुडे उसळत होते, फेस वर चढत होता. बघणाऱ्याला वाटावं, आमटीला कढ आलाय. पण शालीला तळवा लावला की बोटं गारठत. एकेक जण पुढे येऊन, डोळे मिटून हात लावत होता आणि "अहाहा" म्हणत मागे सरत होता. मुलाकडे तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या दीनानाथकाकांनी तर तो हात स्वतःच्या कपाळावर फिरवून घेतला.

चौरंगामागे नागेश बसला होता. जीन्सवर लिननचा कुडता, गळ्यात स्फटिकाची माळ, डोळे अर्धे मिटलेले. आठवड्याचे पाच दिवस तो एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. रविवारी तो नागेशजी होत असे.

"मंडळी," तो म्हणाला, "पाचशे वर्षांपूर्वी ह्याच गावात बिअरच्या शुद्धतेचा कायदा जाहीर झाला. राइनहाइट्सगेबोट! त्यात काय लिहिलंय? पाणी, जव आणि हॉप्सची फुलं. आल्झो, तर मग, यीस्ट कुठे आहे? नाहीच! का नाही? कारण यीस्ट ही शक्ती आहे, आणि शक्ती कायद्यात लिहिता येत नाही. गेनाऊ, अगदी तंतोतंत! ह्या शक्तीला ताप चढतो. ती उग्र होते, आणि मग तुमची बिअर नासते. मी काय करतो? मी फक्त शीतलमंत्राने तिला शांत करतो. मी कोण? मी कोणीच नाही."

"वा!" कोणीतरी म्हणालं.

त्या काळात यीस्ट म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कायद्यात ते आलं नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती सांगायला मी तोंड उघडलं नाही. मी मागे पाण्याच्या मीटरशेजारी उभा होतो आणि जळत होतो.

माझं नाव गौरांग. मोटारींच्या दारांना जी रबरी पट्टी असते, जिच्यामुळे आत पाणी येत नाही, ती मी डिझाइन करतो. त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, शुद्धतेच्या कायद्याची पाचशे वर्षं म्हणून गावभर उत्सव चालला होता, आणि आमच्या मराठी मंडळातही घरी बिअर करायची टूम निघाली. ती मी काढली होती. त्सोलआम्टला, म्हणजे कस्टम्सच्या कचेरीला, रीतसर कळवायचं कसं, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, कुठून आणायचं, माल्टचं पाणी उकळून गार करून बादलीत यीस्ट कधी घालायचं, हे सगळ्यांना मी शिकवलं. जानेवारीत माझी पहिली बिअर लोकांनी पितापिता ग्लास उंचावून माझ्या नावाचा जयजयकार केला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या ग्लासचा फोटो लागला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

मग मे महिना आला आणि सगळ्यांच्या बिअरला काहीतरी झालं. माझ्यासकट. एकीला नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा वास, दुसरीला कुजक्या केळ्याचा. एक ग्लास प्यायला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायचं. गंमत अशी, की आम्ही सगळे इंजिनिअर. यीस्टच्या पाकिटावर लिहिलं होतं, अठरा अंश. प्रत्येकाच्या केलरच्या भिंतीवर थर्मामीटर लटकत होतं. हिवाळ्यात ते तेरा दाखवायचं, तेव्हा बिअर चांगली झाली. आता ते बरोब्बर अठरा-एकोणीस दाखवत होतं, आणि बिअर नासत होती. आकडा बरोबर, माल्ट बरोबर, यीस्ट बरोबर, स्वच्छता बरोबर. मग चुकतंय काय? मोजता येणारं सगळं बरोबर असलं की इंजिनिअर न मोजता येणाऱ्याकडे वळतो. आणि तेवढ्यात नेकारसुल्महून बदली होऊन नागेश आला. त्याची बिअर निखळ, स्वच्छ, गोडसर. ग्रुपवरचा माझा ग्लास गेला, तिथे त्याची बरणी आली, जिला तो सोमकुंभ म्हणायचा.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. माझी बायको मुक्ता, जी माझ्या बिअरचा एक घोट घेऊन "छान आहे हं" म्हणत ग्लास खाली ठेवायची, तिने नागेशची बिअर संपवली. आणि म्हणाली, "हिला वास नाही रे." चार शब्द. ते माझ्या डोक्यातून जाईनात.

तर, त्या रविवारी नागेशने हाक मारली, "ओवी, इकडे ये बाळ."

कपिल आणि नीताची आठ वर्षांची मुलगी पुढे आली. कपिल माझा आखन शहरात शिकत होतो तेव्हापासूनचा मित्र. एकाच विद्यापीठात शिकलो, एकाच खोलीत राहिलो. आता तो इंजिनांच्या चाचणीकक्षात काम करतो. चालत्या इंजिनाच्या अंगावर तापमानाचे सेन्सर कुठे चिकटवायचे, हे ठरवणं हाच त्याचा धंदा. ओवीला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी रोज घ्यायचा स्प्रे दिला होता. त्यात स्टेरॉइड आहे, ह्या विचाराने कपिलची झोप उडायची. आपण पोरीला रोज विष देतोय, असं तो एकदा माझ्याजवळ बोलला होता. डॉक्टरांनी समजावलं, की फुप्फुसात जाणारी मात्रा अगदी थोडी असते. त्याच्या मनाला ते पटलं नव्हतं.

"ह्या पोरीच्या छातीतही तोच ताप होता," नागेश म्हणाला. "भांड्याचा उतरतो, तसा छातीचा उतरला. महिना होत आला, स्प्रे बंद! ओवी, पळत वरच्या मजल्यापर्यंत जा आणि ये."

ओवी पळत गेली आणि पळत आली. गाल लाल झाले होते, पण छाती वाजत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपिलचे डोळे भरून आले. नीता जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, तीही भारावली असेल.

"अहो, मग माझ्या बीपीच्या गोळीचं काय?" दीनानाथकाकांनी विचारलं.

"काका, आज हात लावलात ना? गोळी आपोआप सुटेल. घाई नाही."

"आणि सुट्टीत मी ओवीला आल्प्समध्ये घेऊन चाललोय," कपिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आम्ही दोघंच. डोंगरावर लाकडी घर आहे, आठवडाभर. नीताला रजा नाही. स्प्रे घरीच राहणार."

मला राहवेना. "कपिल, तिथे फोनसुद्धा लागत नाही. स्प्रे निदान बॅगेत तरी टाक."

सगळ्यांनी माना वळवल्या. नागेश हसला. "गौरांग! तुझ्या बादलीची काय खबर?"

लोक फिदीफिदी हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ह्याचं मी कारण सांगतो," नागेश म्हणाला. "ज्याच्या मनात ईर्षा, त्याच्या भांड्यात आग. ईर्षा करणाऱ्या माणसाचं भांडं कधी थंड होत नाही. कधीच नाही. गेनाऊ!"

बाहेर पडताना कपिलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गौऱ्या, तू जळतोस यार. सगळ्यांना दिसतंय. ओवीला मध्ये आणू नकोस."

तो खोटं बोलत नव्हता, मी खरंच जळत होतो.

घरी येताना मी मुक्ताला म्हणालो, "लबाड आहे तो."

"असेल."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू जळतोस."

"ते झालं. आणखी?"

"आणि ती शाल ओली होती," मुक्ता म्हणाली.

मुक्ता साताऱ्याला शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. इथे ती सध्या जर्मनच्या वर्गाला जाते आणि विभक्तीप्रत्ययांशी भांडते. पण तिचं बघणं अजून शिक्षिकेचंच आहे. सगळे डोळे मिटून हात लावत होते तेव्हा हिने डोळे उघडे ठेवले होते.

"मला सांग, पंखा कशाला होता?"

"धूर जाऊ नये म्हणून."

"मग त्याचं तोंड उदबत्त्यांकडे हवं. ते बरणीकडे होतं. ओलं फडकं, वर पाण्याची धार, आणि वारा. अरे, माठ आहे तो! पाणी उडून जाताना भांड्यातली उष्णता घेऊन जातं. नववीच्या पोरांना मी हे दर वर्षी शिकवत होते."

"पण गार करायची गरजच काय? केलरमध्ये अठरा-एकोणीसच आहे. भिंतीवर बघ ना."

"बिअर भिंतीत होते का?"

मी चालता चालता थांबलो.

"तुझी बादली हाताला कशी लागते?"

"कोमट," मी म्हणालो. आणि बोलता बोलताच मला घाम फुटला.

आम्ही सरळ आमच्या केलरमध्ये गेलो. स्वयंपाकघरातलं, मांस शिजलं का बघायचं सुईसारखं थर्मामीटर मी धुऊन बादलीच्या झाकणातून आत सारलं. भिंत एकोणीस म्हणत होती. बादलीचं पोट म्हणालं, सव्वीस.

यीस्ट जिवंत असतं. ते साखर खातं, दारू आणि वायू सोडतं, आणि खाताखाता तापतं. जोरात आंबत असलेली बादली खोलीपेक्षा पाच-सात अंश सहज गरम होते. आणि यीस्टला गरमी झाली की ते घाईघाईत नको ते वास आणि डोकं धरवणाऱ्या दारवा तयार करतं. पाकिटावरचे अठरा अंश यीस्टसाठी होते, भिंतीसाठी नव्हते. हिवाळ्यात केलर तेरावर होतं म्हणून बादलीच्या आत आपोआप अठरा झाले.

"म्हणजे जानेवारीत माझी बिअर जमली..."

"जानेवारीमुळे," मुक्ता म्हणाली. तिने वाक्य पुरं केल्याचं मला वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

मी खिशातून फोन काढला. ग्रुपवर आत्ताच्या आत्ता लिहितो, त्या नागेशचं पितळ उघडं पाडतो, म्हणून टाइप करायला लागलो. मुक्ताने फोन काढून घेतला.

"काय लिहिशील? आणि लोक काय वाचतील? 'गौरांग जळतो.' झालं."

"मग काय करू? ओवी त्या डोंगरावर जाऊ दे?"

"नाही. पण नागेशनेच तुला मार्ग दिलाय. ईर्षा करणाऱ्याचं भांडं कधीच थंड होत नाही, म्हणाला ना सगळ्यांसमोर? मग तूच करून दाखव. तुझ्याइतका जळणारा माणूस अख्ख्या बायर्न राज्यात दुसरा सापडायचा नाही."

आम्ही एकाच पातेल्यात माल्टचं पाणी उकळलं, तीन सारख्या बादल्यांत ओतलं, एकाच पाकिटातलं यीस्ट वाटून घातलं. पहिली बादली नुसतीच ठेवली. दुसरीजवळ नागेशच्याच आवाजातला शीतलमंत्र लावून ठेवला, जो त्याने मोठ्या कृपेने ग्रुपवर पाठवला होता. तिसरीला आमचा आंघोळीचा जुना टॉवेल गुंडाळला, तळाशी परात ठेवली, टॉवेलचं टोक पाण्यात, समोर पंखा. आणि तिसरीशेजारी मी खुर्ची टाकून बसलो आणि मनापासून जळलो. नागेशची माळ आठवली, त्याचं गेनाऊ आठवलं, मुक्ताने संपवलेला तो ग्लास आठवला. मधूनमधून मी बादलीला शिव्याही घातल्या. मंत्रात जी ताकद लागते तीच शिवीतही लागत असणार.

बादल्या जोरात आंबायला लागल्यावर मी कपिलला फोन केला. "तुझे सेन्सर घेऊन ये. घरचे, छंदाचे. बाकी काही विचारू नकोस. नीतालाही आण."

तो आला, पण तोंड वाकडं करूनच. तीन बादल्या पाहून म्हणाला, "हे काय नवीन?"

"तू मोज. मी काही बोलणार नाही."

मोजायला सांगितलं की कपिल नाही म्हणू शकत नाही. त्याने तिन्ही झाकणांतून तारा आत सोडल्या, डबी सुरू केली आणि आकडे स्थिरावेपर्यंत थांबला. नुसती बादली पंचवीस. मंत्राची बादली पंचवीस. जळणाऱ्याची बादली वीस.

कपिलने डबी हलवली. तारा अदलाबदल करून परत मोजलं. तेच. मग तो भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत राहिला. तिथे एकोणीस होते.

"मी भिंतीवर मोजलं," तो हळूच म्हणाला. "गौऱ्या, मी भिंतीवर मोजलं! आठ वर्षं मी नव्या पोरांवर ओरडतोय, की सेन्सर इंजिनाला लावा, खोलीला नाही. आणि घरी..." त्याने कपाळावर हात मारून घेतला.

मला इतका आनंद झाला, की फक्त नाचायचंच बाकी राहिलं होतं. मुक्ताने डोळ्यांनी दटावलं.

"पण थांब," कपिल म्हणाला. आता त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला होता. "ओल्या टॉवेलने पाच अंश खाली आलं, ठीक. नागेशची बरणी याच्याहून बरीच गार लागते. बोटं बधिर होतात. त्या शालीने एवढं होणार नाही. हिशेब बसत नाही. कुठून तरी आणखी थंडी आत येतेय."

"मग आता तरी पटलं ना?" मी विचारलं. "स्प्रे नेशील ना?"

त्याचा चेहरा मिटला. "बिअरचं शास्त्र असेल. ते मान्य. पण ओवीचं काय? तिथे काही ओला टॉवेल नाही. स्प्रे बंद आहे आणि ती पळते, नाचते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय. त्याचं उत्तर दे."

"दमा कधी कधी महिनाभर शांत राहतो," एवढंच मुक्ता म्हणाली. नीता उगाचच कोरडा टॉवेल घडी करत होती, घडी मोडून परत करत होती.

पुढच्या रविवारी जुलैचा कडक उन्हाळा पडला होता. आमच्या घरात पंखे फिरत होते, पण नागेशच्या केलरमधली बरणी गारेगार. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. मी माझी बादली टॉवेलसकट खाली घेऊन गेलो आणि चौरंगाशेजारी ठेवली.

"हे काय?" नागेशने विचारलं.

"ईर्षेचं भांडं," मी म्हणालो. "मंडळी, मागच्या रविवारी नागेशने सांगितलं, की जळणाऱ्याचं भांडं कधी थंड होत नाही. मी जळतो. अजूनही जळतोय, आत्ता या क्षणी जळतोय. विचारा माझ्या बायकोला. आता हात लावून बघा."

हशा पिकला, पण लोक पुढे आले. दीनानाथकाकांनी टॉवेलला हात लावला. "अहो, हेही गार आहे!" मुक्ताने माठ कसा चालतो ते साध्या शब्दांत सांगितलं. कपिलने पुढे येऊन तिन्ही बादल्यांचा प्रयोग सांगितला, एकीशेजारी मंत्र लावला होता तेही सांगितलं, आणि म्हणाला, की आपण सगळ्यांनी थर्मामीटर भिंतीवर लावलं होतं. केलरमध्ये एकच गलका झाला. चाळीशीतले इंजिनिअर एकमेकांकडे बघून, कॉपी करताना पकडलेल्या पोरांसारखे हसत होते.

नागेश डगमगला नाही. "गौरांगच्या बादलीला माझ्या मंत्राचाच स्पर्श झालाय. शेजारी लावला होता ना? गेनाऊ, तेच तर मी म्हणतो!"

"मंत्राच्या बादलीत पंचवीस होते," कपिल म्हणाला.

"श्रद्धा मोजायची नसते, कपिल."

"श्रद्धा नाही मोजत. थंडी मोजतोय." कपिल चौरंगापाशी वाकला. "एवढ्या शालीने एवढी थंडी येत नाही. ती येते कुठून?"

"पाकळ्यांना हात लावू नकोस! ते पवित्र..."

कपिलने बाही वर केली आणि घंगाळात हात घातला. पाकळ्यांचा थर बाजूला झाला. त्याने हात वर काढला तेव्हा त्यात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. आत पांढरा टणक बर्फ. त्याने ती चौरंगावर ठेवली. मग दुसरी काढली, मग तिसरी. चौथ्यांदा एक बारीक वायर हाताला लागली. ती ओढली तर बरणीच्या मागच्या बाजूने, शालीखालून, एक डिजिटल थर्मामीटर निघालं. त्याचं टोक आतल्या बिअरमध्ये होतं, आणि पडद्यावर अठरा पॉइंट दोन असा आकडा होता, म्हणजे पाकिटावरचे अठरा.

दीनानाथकाकांनी पुढे वाकून तो आकडा मोठ्याने वाचला.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हणालो. "आम्हा सगळ्यांच्या आधी माहीत होतं."

"बर्फ हे निमित्त आहे," नागेश म्हणाला. त्याचा आवाज आता जरा चढला होता. "माध्यम! शक्ती माध्यमातून येते. बरं, बिअर सोडा. ही मुलगी? ह्या मुलीला काय मी बर्फ लावला? बोल कपिल! महिनाभर स्प्रे नाही आणि पोरगी पळतेय. ह्याचं शास्त्र सांगा!"

सगळ्यांनी ओवीकडे पाहिलं. दीनानाथकाका पुन्हा नागेशकडे वळले. कपिलचा हात घंगाळाच्या काठावरच राहिला. मी मुक्ताकडे पाहिलं, तिने नकारार्थी मान हलवली. नागेश आम्हाला हरवणार होता, त्या एका गोष्टीवर.

"मी देते तिला स्प्रे," नीता म्हणाली.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"काय?" कपिल म्हणाला.

"रोज देते. एक दिवसही बंद केला नाही. तू अंघोळीला गेलास की देते. तू ऐकतच नव्हतास, कपिल. मी तीनदा सांगितलं, तू ओरडलास, रडलास, म्हणालास मी पोरीला विष देते. मग मी भांडायचं सोडून दिलं. म्हटलं, पोरीला औषध मिळतंय ना, मग श्रेय कुणीही घेवो. पण मग नागेशजी तिला इथे पळवायला लागले. आता काका गोळी सोडायला निघालेत. आणि तू तिला त्या डोंगरावर नेणार, माझ्याशिवाय. मला आठवडाभर झोप नाही."

"ओवी?" कपिलने विचारलं.

ओवी आधी आईकडे बघत राहिली. आईने होकारार्थी मान हलवली तेव्हा ती म्हणाली, "येडन मोर्गन, पापा. फोर डेम त्सेनेपुत्सन." रोज सकाळी, दात घासायच्या आधी.

कपिल तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसला. त्याने नीताकडे हात पुढे केला. तिने पर्समधून स्प्रे काढून दिला. तो त्याने उलटसुलट करून पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होता. मग ओवीला जवळ घेऊन म्हणाला, "हा कसा घ्यायचा, मला शिकव. डोंगरावर मला द्यावा लागेल."

मला त्याच्याकडे बघवेना. ओवी त्याला शिकवत होती, आधी हलवायचा, मग श्वास पूर्ण सोडायचा, आणि तो पहिल्या इयत्तेतल्या मुलासारखा प्रत्येक पायरीला मान डोलवत होता.

नागेश कधी उठला ते कळलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने ग्रुप सोडला होता. हल्ली तो म्युनिकच्या बाजूला कुठेतरी श्वासांचे वर्ग घेतो, असं ऐकतो. तिथेही गर्दी होते म्हणे. दीनानाथकाकांनी जिन्यात मुक्ताला हळूच गाठलं. "अग, परवापासून मी गोळी अर्धीच घेत होतो. आता पूर्ण सुरू करू ना?" मुक्ता म्हणाली, "काका, मला नका विचारू. आत्ता घरी गेल्यावर डॉक्टरांना फोन करा. मी शेजारी बसते."

वाचकहो, ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच. बरणी थंड होती ती बर्फाने. पोरगी पळत होती ती औषधाने, आणि ते औषध तिची आई चोरून देत होती. चमत्कार दोन दिसत होते, आणि दोन्हींच्या मागे कुणीतरी गुपचूप काम करत होतं. एक जण स्वतःच्या मोठेपणासाठी, दुसरी पोरीच्या जिवासाठी. श्रेय मात्र दोन्हींचं एकाच माणसाने घेतलं, आणि शिकलीसवरलेली आम्ही मंडळी टाळ्या वाजवत राहिलो. त्यामुळे तुमच्यासमोर कुणी अद्भुत काही करून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी पाकळ्या बाजूला करा. आत हात घाला. मोजायचं असेल तर जिथे घडतंय तिथे मोजा. आणि चालू औषध कुणाच्याही शब्दावरून बंद करू नका, ज्याने ते दिलं त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आणखी एक. प्रश्न विचारणारा माणूस जळका असेल, रागावलेला असेल, तुम्हाला आवडत नसेल. माझ्यासारखा असेल. तरी त्याचा प्रश्न ऐका. मी जळत होतो म्हणून कपिलने माझं ऐकलं नाही, आणि ओवीची आई आणखी आठवडाभर रोज सकाळी न्हाणीघराच्या बंद दाराकडे कान लावून, घाईघाईत, स्वतःच्याच घरात चोरासारखी आपल्या लेकीला श्वास देत राहिली.